बोअरच्या पाण्यात नायट्रेट १९.४, अहवालावर ‘पिण्यायोग्य’चा शिक्का. दिवस राहण्याआधी हे पाणी चालेल का?

खानदेशकन्या

जळगाव जिल्हा, केळीचा पट्टा. घराला पाणी स्वतःच्या बोअरचं. प्रयोगशाळेतून तपासून घेतलं त्याचे आकडे असे: टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) ११८०, कठीणपणा ५४०, क्लोराईड २१०, फ्लोराईड ०.६, नायट्रेट १९.४. नायट्रेटसमोर मर्यादा ४५ छापली आहे आणि खाली शिक्का ‘पिण्यायोग्य’. त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीच्या तपासणी किटवर हेच पाणी पाहिलं, तर रंग ४५ च्या पट्टीच्या बराच वर गेला. कोणतं खरं धरायचं?

विचारण्याचं कारण असं की वहिनी येत्या दोन-तीन महिन्यांत बाळाचा विचार करत आहेत. पाण्यातल्या नायट्रेटमुळे बाळात जन्मतः दोष राहू शकतो असं वाचनात आलं. त्यात कितपत तथ्य आहे? पाणी उकळलं तर भागेल का? घरात दोन वर्षं जुना आरओ आहे, त्याच्या नळाला टीडीएस ३९० येतो. तेवढं पुरेसं आहे, की २० लिटरचे जार लावावेत? घरातलं सगळं पाणी बदलायचं की फक्त पिण्याचं?

---

नमुनाबाटली

ताई, दोन्ही खरे असण्याची शक्यता मोठी आहे. अहवाल पुन्हा हातात घ्या आणि नायट्रेटच्या ओळीत एकक काय लिहिलंय ते पाहा. ‘मि.ग्रॅ./लिटर’च्या पुढे बारीक अक्षरात ‘एन म्हणून’ असं काही असेल, किंवा घटकाचं नावच ‘नायट्रेट नायट्रोजन’ असेल, तर १९.४ हा आकडा फक्त त्यातल्या नत्राचा, म्हणजे नायट्रोजनचा (एन) आहे. नायट्रेटच्या रेणूचं वजन ६२, त्यात नत्र १४. म्हणून नत्राचा आकडा ४.४३ ने गुणला की पूर्ण नायट्रेट मिळतं.

१९.४ × ४.४३ = ८६.

आपल्या मानकातली, म्हणजे आयएस १०५००:२०१२ मधली, ४५ ची मर्यादा पूर्ण नायट्रेटची आहे. नत्राच्या हिशेबात तीच मर्यादा साधारण १० होते. एका मापाचा आकडा दुसऱ्या मापाच्या मर्यादेशेजारी छापला गेला की ८६ चं पाणी ‘पिण्यायोग्य’ ठरतं. ही चूक दुर्मीळ नाही. प्रयोगशाळेला फोन करा, आकडा कोणत्या रूपात दिलाय ते लेखी मागा आणि अहवाल दुरुस्त करून घ्या. आणखी एक लक्षात ठेवा: टीडीएस किंवा कठीणपणासाठी दुसरा स्रोत नसेल तर मानक थोडी सूट देतं. नायट्रेटला तशी सूट नाही.

पुढचा नमुना घेताना:

बोअरची मोटर ५ ते १० मिनिटं चालू द्या. टाकीतून किंवा घरातल्या नळातून घेऊ नका, मोटरच्या तोंडाशीच घ्या. १ लिटरची स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा आणि काठोकाठ भरा. बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. नायट्रेटची तपासणी ४८ तासांच्या आत व्हायला हवी. बाटली उन्हात गाडीच्या डिकीत राहिली तर आतले जिवाणू नायट्रेट खातात, त्याचं नायट्राइट करतात आणि आकडा खोटाच कमी येतो.

ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून पाण्यात येणारे जिवाणू, तपासायला बाटली वेगळी लागते. ती निर्जंतुक असते, प्रयोगशाळेतूनच मिळते, विसळायची नसते आणि वर थोडी हवा राहू द्यायची. शिशासाठी नमुना उलट पद्धतीने घ्यायचा: रात्रभर न वापरलेल्या स्वयंपाकघरातल्या नळाचं सकाळचं पहिलं १ लिटर, काहीही वाहू न देता. कारण शिसं बोअरमधून येत नाही, ते घरातल्या पितळी तोट्या, सांधे आणि जुन्या पीव्हीसी पाइपमधून उतरतं.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळा खासगी व्यक्तीचा नमुनाही माफक शुल्कात घेतात. किटचा उपयोग ‘मर्यादेच्या वर की खाली’ एवढंच सांगण्यापुरता. तुमच्या बाबतीत त्याने ते बरोबर सांगितलं.

---

भूजल_खानदेश

८६ हा आकडा आपल्या भागात नवलाचा नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटसाठी सर्वाधिक बाधित म्हणून देशातले जे १५ जिल्हे दिले आहेत, त्यात आपल्या राज्याचे ७ आहेत: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ.

केळीचा हिशेब करून पाहा. एका झाडाला साधारण २०० ग्रॅम नत्र. ५ बाय ५ फुटांवर एकरी १७५० झाडं धरली तर ३५० किलो नत्र, म्हणजे युरियातून दिलं तर ७६० किलो, ४५ किलोच्या जवळपास १७ गोण्या. झाड हे सगळं उचलत नाही. उरलेलं नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली जातं, कारण मातीचे कण नायट्रेटला धरून ठेवत नाहीत. फॉस्फरस मातीला चिकटतो, नायट्रेट चिकटत नाही, हा मूळ फरक. ठिबकमधून थोडं थोडं दिलं तर गळती कमी होते, पाटपाण्यावर फेकलं तर वाढते.

पण सगळा दोष शेतावर टाकू नका. बोअरपासून संडासाचा शोषखड्डा किती फुटांवर आहे? उकिरडा किंवा गोठ्याचं मुताचं डबकं किती? शोषखड्डा ५० फुटांच्या आत असेल आणि पाण्यात ई. कोलायही सापडले, तर स्रोत घराशेजारीच आहे. केसिंगभोवतीची, म्हणजे बोअरमध्ये उतरवलेल्या पाइपभोवतीची, पोकळी सिमेंटने भरलेली नसेल तर पावसाचं पाणी पाइपच्या बाहेरून सरळ खाली उतरतं.

आकडा वर्षभर एकसारखा राहत नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतर वरच्या थरात साठलेलं नायट्रेट एकदम खाली जातं. म्हणून एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑक्टोबरमध्ये तपासा. खत आजपासून निम्मं केलं तरी भूजल सुधारायला वर्षं लागतात. तो उपाय गावासाठी करायलाच हवा, वहिनींना मात्र त्याचा या वेळी उपयोग नाही.

---

प्रसूती_ओपीडी

जन्मदोषाच्या प्रश्नाला नीट उत्तर देते, कारण या विषयावर एकतर घाबरवणारं लिहिलं जातं नाहीतर झटकून टाकणारं.

४५ ची मर्यादा गर्भासाठी ठरवलेलीच नाही. तिचा उगम तान्ह्या बाळांच्या निळेपणात आहे. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात कॉम्ली नावाच्या डॉक्टरांनी विहिरीच्या पाण्यात कालवलेलं दूध पिणारी बाळं निळी पडताना पाहिली. नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहण्याच्या कामातून बाद करतं. पुढची मर्यादा त्या आजारावर बेतली गेली. त्यामुळे ‘४५ च्या खाली म्हणजे गर्भालाही सुरक्षित’ असा अर्थ काढता येत नाही.

गर्भाबाबतचा पुरावा असा आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या माउंट गॅम्बियर भागात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भूजल पिणाऱ्या आणि पावसाचं पाणी पिणाऱ्या मातांची तुलना झाली, तेव्हा भूजलाच्या बाजूला जन्मदोष जास्त दिसले. मग २०१३ मध्ये टेक्सास आणि आयोवातल्या मातांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या बाळांना स्पायना बायफिडा, म्हणजे पाठीचा कणा नीट न मिटणं, हा दोष होता, त्या माता पिण्याच्या पाण्यातून रोज ५ मि.ग्रॅ. किंवा जास्त नायट्रेट घेत असण्याची शक्यता निरोगी बाळांच्या मातांच्या सुमारे दुप्पट निघाली. हातापायाचा भाग नसणं, फाटलेला ओठ आणि फाटलेली टाळू यांतही वाढ दिसली. ८६ चं पाणी दिवसाला ३ लिटर पोटात गेलं तर २५८ मि.ग्रॅ. होतात, हे शेजारी ठेवून पाहा.

आता दुसरी बाजू. हा संबंध आहे, सिद्ध झालेलं कारण नाही. जिथे खताचं नायट्रेट असतं तिथे तणनाशकं आणि कीटकनाशकंही असतात, ती वेगळी काढणं अवघड जातं. आणि ‘दुप्पट’ शब्दाने दचकू नका. भारतात मज्जानलिकेचे (जिच्यापासून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू बनतात ती नळी) सगळे दोष मिळून हजार जन्मांमागे ४ ते ५ आढळतात. ते दुप्पट झाले असं धरलं तरी हजारातली ९९० बाळं त्या दोषाशिवाय जन्मतात. म्हणजे भीतीने झोप उडावी असा धोका नाही, पण पाणी बदलण्याचा खर्च आणि त्रास सहज सार्थ ठरवेल एवढा आहे.

हे घडत कसं असावं याचे दोन मार्ग समजतात. तोंडातले जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात, जठरात त्याची अमाइन्स या नत्रयुक्त संयुगांशी गाठ पडते आणि एन-नायट्रोसो संयुगं तयार होतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यांतली काही गर्भाला विकृती आणतात. क जीवनसत्त्व ही प्रक्रिया अडवतं. म्हणून पालक, मेथी, बीट बंद करू नका. त्यांत नायट्रेट भरपूर असतं, पण क जीवनसत्त्वही बरोबर येतं. दुसरा मार्ग थायरॉईडचा: नायट्रेट आयोडीनला ग्रंथीत शिरताना आडवं येतं. वहिनींची टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी आत्ताच करून घ्या, मीठ आयोडीनयुक्तच वापरा.

सगळ्यात महत्त्वाचं वेळेचं गणित. मज्जानलिका गर्भधारणेपासून २८ व्या दिवसापर्यंत मिटते. पाळीच्या हिशेबात तो सहावा आठवडा. पाळी चुकते चौथ्या आठवड्याच्या शेवटी, मग चार-आठ दिवस वाट पाहून तपासणी, मग दवाखान्यात पहिली भेट. तोवर नलिका मिटलेली असते किंवा उघडी राहिलेली असते. हृदय साधारण दहाव्या आठवड्यापर्यंत घडतं, टाळू बाराव्यापर्यंत जुळते. ‘दिवस राहिले की चांगलं पाणी सुरू करू’ असं ठरवलं तर नेमका तोच काळ हातून जातो. पाणी आजच बदला.

पाण्याइतकीच, किंबहुना त्याहून जास्त पक्की गोष्ट म्हणजे फोलिक ॲसिड. रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याच्या किमान १ आणि शक्यतो ३ महिने आधीपासून, बाराव्या आठवड्यापर्यंत. औषधाच्या दुकानात ‘फोलिकची गोळी द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा ५ मि.ग्रॅ.ची हातात पडते. तो डोस आधीच्या बाळाला असा दोष असेल, फिट्सची औषधं चालू असतील किंवा मधुमेह असेल तर डॉक्टर ठरवून देतात. पाकिटावरचा आकडा वाचून घ्या. घर शाकाहारी असेल तर बी१२ तपासा, त्याची कमतरताही याच दोषाशी जोडलेली आहे. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या मनाने घेऊ नका, त्यांतल्या काहींत नायट्राइटशी संयोग पावणारी अमाइन्स असतात. आणि १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका.

---

मळ्यातला_वारा

एवढं कशाला करायचं? २० मिनिटं खळखळून उकळायचं, गाळायचं. आणि टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकणं बंद करा. क्लोरीनचीच संयुगं गर्भाला घातक असतात असं वाचलंय.

---

प्रसूती_ओपीडी

दादा, या दोन्ही सूचना तुम्ही काळजीपोटी दिल्यात, पण दोन्हींनी नुकसान होईल.

उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट हा क्षार आहे, तो वाफेबरोबर जात नाही. ८६ चं ४ लिटर पाणी आटून ३ लिटर झालं की ते ११५ चं होतं. तुरटी, कापडी गाळणी, यूव्ही, मेणबत्तीचा फिल्टर, नुसता कार्बन, यांतलं एकही नायट्रेट काढत नाही.

क्लोरीनबद्दल: क्लोरीन आणि पाण्यातला पालापाचोळ्याचा अंश मिळून ट्रायहॅलोमिथेन बनतात हे खरं. जन्मदोषांशी त्यांचा संबंध शोधणारे अभ्यास झाले, निष्कर्ष एका बाजूचे नाहीत. त्याउलट सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून येणारी हेपॅटायटिस ई ही कावीळ घ्या. एरवी ती बहुतेकांना आजारी पाडून निघून जाते. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत मात्र तिने मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जातं. इचलकरंजीत २०१२ मध्ये हिचीच मोठी साथ आली होती. गरोदर बाईच्या घरात क्लोरीन बंद करणं हा कुठल्याही हिशेबाने तोट्याचा व्यवहार आहे.

१००० लिटरच्या टाकीला ताज्या, ३३ टक्के ताकदीच्या टीसीएलची २.५ ग्रॅम पावडर पुरते. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी टाकीत ओता, अर्धा तास थांबा. नळाला ०.२ मि.ग्रॅ. क्लोरीन दिसलं पाहिजे. पिशवी उघडी राहिली तर ताकद उडून जाते, मग मापाने टाकूनही उपयोग होत नाही.

---

मेम्ब्रेनवाला

आता त्या ३९० टीडीएसकडे येऊ, कारण तिथेच खरी मेख आहे.

आत जाणारं पाणी ११८० चं असताना धड मेम्ब्रेनने (आरओतला क्षार अडवणारा पातळ पडदा) ७० ते १२० च्या दरम्यान पाणी द्यायला हवं. ३९० येतंय म्हणजे एक तर मेम्ब्रेन गेलंय किंवा टीडीएस कंट्रोलर उघडा आहे. बहुतेक घरांत दुसरं असतं. ‘पाण्यात मिनरल राहावेत, चव यावी’ म्हणून बसवणारा माणूस तो उघडा ठेवतो.

मशिनचं पुढचं झाकण काढा. मेम्ब्रेनच्या नळकांड्याच्या आसपास बोटाच्या पेराएवढा प्लॅस्टिकचा तुकडा दिसेल, तीन बाजूंना पांढऱ्या नळ्या आणि मधोमध एक छोटा फिरवायचा स्क्रू. एका नळीतून मेम्ब्रेनचं शुद्ध पाणी येतं, दुसरीतून मेम्ब्रेनला वळसा घालून आलेलं, फक्त यूव्ही दिव्यासमोरून किंवा यूएफ या जंतू अडवणाऱ्या गाळणीतून गेलेलं पाणी. स्क्रू किती उघडा यावर मिश्रण ठरतं. वळसा घातलेल्या पाण्यात नायट्रेट जसंच्या तसं असतं. मीटरला ते ओळखता येत नाही, तो एकूण क्षार मोजतो.

करून पाहायचं ते असं. स्क्रू घड्याळाच्या काट्याच्या दिशेने अलगद घट्ट करा, पिळू नका, आटे लगेच जातात. मशिनची टाकी पूर्ण रिकामी करा, नाहीतर जुनंच पाणी मोजाल. १५ मिनिटं चालवून ते पाणीही भांड्यांना वापरा. मग मोजा. समजा ९५ आला. तर मिश्रणाचं प्रमाण:

(३९० − ९५) ÷ (११८० − ९५) = २९५ ÷ १०८५ = ०.२७

म्हणजे २७ टक्के कच्चं पाणी मिसळत होतं. आता नायट्रेट. मेम्ब्रेन कॅल्शियम, सल्फेट यांना ९५ टक्के आणि वर अडवतं, पण नायट्रेट हा एकेरी भाराचा लहान आयन आहे, तो जास्त निसटतो. ८५ टक्के अडला असं धरू. ८६ चे १३ उरतात. त्यात २७ टक्के कच्चं मिसळलं की ०.७३ × १३ + ०.२७ × ८६ = जवळपास ३३. मर्यादेत आहे, म्हणून कोणी हरकत घेणार नाही. पण वर डॉक्टरताईंनी जे लिहिलंय ते वाचल्यावर ३३ आणि १३ यांतलं कोणतं पाणी वहिनींना द्यायचं हे सांगायला नको.

स्क्रू बंद करूनही टीडीएस २०० च्या खाली येत नसेल तर मेम्ब्रेन बदला. तुमच्या कठीणपणाला (५४०) ते दोन वर्षं टिकलं असेल असं मला वाटत नाही. मेम्ब्रेनच्या आधीचे सेडिमेंट आणि कार्बन फिल्टर ६ ते १२ महिन्यांत बदलायचे. पंपाचा दाब कमी पडला तरी नायट्रेट जास्त निसटतं, मशिन ‘चालू’ दिसतं, पाणी येतं, फक्त अडवणं कमी झालेलं असतं. नवं मेम्ब्रेन बसवल्यावर पहिल्या दोन टाक्या पिऊ नका.

शेवटी नळाच्या पाण्यातलं नायट्रेट प्रयोगशाळेतून एकदा मोजाच. दर महिन्याला टीडीएस मीटर लावून लिहून ठेवा. सुरुवातीच्या आकड्यापेक्षा निम्म्याने वाढला, ९५ चा १४० झाला, की नायट्रेट पुन्हा तपासायची वेळ आली.

‘एवढं कमी क्षाराचं पाणी प्यायलं तर कॅल्शियम कमी पडेल’ असं कोणी म्हणेलच. दूध, नाचणी आणि गरोदरपणातल्या कॅल्शियमच्या गोळ्या ती भर पुरेपूर काढतात.

---

नमुनाबाटली

मेम्ब्रेनवाले दादा, एक भर. नायट्रेटच्या पट्ट्यांवर रोजची नजर ठेवता येते, पण डबी उघडल्यावर दमट हवेत त्या महिन्या-दोन महिन्यांत बिघडतात. अंतिम तारीख पाहून घ्याव्यात आणि वाचताना पट्टी पूर्ण नायट्रेट दाखवते की नत्र, हे डबीवर बघावं. परत तीच ४.४३ ची चूक नको.

जारबद्दल: सीलबंद बाटलीवर उत्पादनाची तारीख आणि परवाना क्रमांक असतो. गाडीतून येणारा सुटा थंड जार त्या नियमात बसत नाही. प्लांटवाल्याकडे गेल्या ६ महिन्यांतला अहवाल मागा, त्यात कच्च्या आणि शुद्ध अशा दोन्ही पाण्यांचं नायट्रेट हवं. तो नुसता टीडीएस दाखवत असेल तर तुमच्या घरच्या मशिनपेक्षा ते चांगलं मानायला आधार नाही, कारण तिथेही वळशाची नळी असते.

धरणावरून येणारी नळ योजना गावात असेल तर ते पाणी आधी तपासा. साठवलेल्या पावसाच्या पाण्यात नायट्रेट बहुतेक वेळा फार कमी असतं. मात्र बोअरमध्ये ते मिसळून भागवायला जाऊ नका. ८६ आणि १० निम्मं-निम्मं केलं तरी ४८ होतं.

---

भूजल_खानदेश

पावसाळा तोंडावर असेल तर छपराचं पाणी हा उत्तम मार्ग आहे. ५०० चौरस फुटांच्या पत्र्यावर २५ मि.मी. पाऊस पडला की गळती-उडती वजा जाता ९०० लिटर हाती येतात. एका बाईला पिण्यास आणि तिच्या स्वयंपाकाला दिवसाला ६ लिटर धरले तर ६ महिन्यांना १०८० लिटर. हंगामाचे पहिले दोन-तीन पाऊस वाहू द्या, पन्हळीला जाळी लावा, टाकी अंधारी आणि डासबंद ठेवा, वर सांगितलेल्या मापाने क्लोरीन घाला. छपराला जुना सिमेंटचा पत्रा किंवा सोललेला रंग असेल तर हे पाणी पिऊ नका.

---

एमआयडीसी_शेजारी

आमचं गाव औद्योगिक वसाहतीला लागून आहे. नायट्रेट २० च आहे, पण बोअरला कधी कधी थिनरसारखा वास येतो. हे आरओने जाईल का? गरोदर बाईला किती धोका?

---

नमुनाबाटली

तुमचा प्रश्न वेगळा आहे आणि जास्त तातडीचा आहे. वास येत असेल तर ते पाणी आजपासून पिणं, स्वयंपाक आणि आंघोळ तिन्हींना बंद करा. नायट्रेट त्वचेतून जात नाही, उडतही नाही, म्हणून खानदेशकन्या ताईंच्या घरात बोअरने आंघोळ, धुणं-भांडी बिनधास्त चालतील. धातू धुण्याचे आणि ड्रायक्लिनिंगचे द्रावक मात्र गरम पाण्याच्या वाफेतून श्वासात जातात.

याचं सगळ्यांत अभ्यासलेलं उदाहरण अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामधल्या कॅम्प लेजून या मरीन सैनिकांच्या तळाचं. १९५३ ते १९८७ या काळात तिथल्या नळाच्या पाण्यात ट्रायक्लोरोइथिलीन, परक्लोरोइथिलीन आणि बेंझीन होतं. १९६८ ते १९८५ मधल्या जन्मांच्या अभ्यासात, २०१३ मध्ये, ट्रायक्लोरोइथिलीनचा संबंध मज्जानलिकेच्या दोषांशी दिसला. तिकडची या द्रावकाची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे, आणि तेवढ्याचा वास नाकाला कळतच नाही. वास येतोय म्हणजे प्रमाण कितीतरी पुढे गेलेलं असू शकतं.

नेहमीच्या तपासणीत हे घटक नसतात. ‘बाष्पनशील सेंद्रिय संयुगं’ अशी तपासणी मागा, ती सगळीकडे होत नाही. नमुना ४० मि.ली.च्या काचेच्या कुपीत घ्यायचा, झाकणाखाली बुडबुडा राहता कामा नये. कुपी उलटी करून बोटाने टिचकी मारा, बुडबुडा वर सरकला तर पुन्हा भरा. आरओवर भरवसा ठेवू नका, लहान द्रावक मेम्ब्रेनमधून जातात. त्यांना मोठा कार्बन फिल्टर किंवा हवेचे फवारे लागतात, पण अहवालाशिवाय तेही अंदाजाने बसवू नका. ग्रामपंचायतीमार्फत प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

---

खानदेशकन्या

सर्वांचे आभार. अहवालाच्या मागच्या पानावर ‘नत्र म्हणून’ असं खरंच छापलेलं आहे. प्रयोगशाळेने दुरुस्त अहवाल द्यायचं कबूल केलं. कंट्रोलर बंद केल्यावर टीडीएस ११० आला. मशिनच्या पाण्याचा नमुना आज दिला. शोषखड्डा मोजला, ३४ फूट.

दोन गोष्टी राहिल्या. स्वयंपाक कोणत्या पाण्यात करायचा? आणि घरात पाणी तांब्याच्या हंड्यात व कल्हईच्या पातेल्यात भरून ठेवतात, ते चालेल का?

---

प्रसूती_ओपीडी

भात, वरण, चहा, कणीक, जिथे पाणी अन्नात मुरतं तिथे मशिनचंच. भाज्या धुवायला बोअर चालेल. आणि हे बाळ झाल्यावरही चालू ठेवा. पहिले सहा महिने नुसतं अंगावरचं दूध, आईच्या पाण्यातलं नायट्रेट दुधात फारसं उतरत नाही. पण कोणी प्रेमाने बाळाला घुटी उगाळून देतं, ती उगाळायला बोअरचं पाणी नको. सहा महिन्यांखालच्या बाळाला घुटी नकोच, आणि पावडरचं दूध द्यायची वेळ आलीच तर बोअरच्या पाण्यात कधीही कालवू नका.

---

मेम्ब्रेनवाला

तांब्याचा हंडा रोज घासला जात असेल तर साध्या पाण्याला ठीक, लिंबू-ताक त्यात ठेवायचं नाही. आरओचं कमी क्षाराचं पाणी धातू जरा जास्त ओढतं, म्हणून ते स्टीलमध्येच भरा. कल्हईच्या पातेल्याचं मात्र नीट विचारा: कल्हईवाल्याने शुद्ध कथील वापरलं की डागकामाची मिश्र कांडी? त्या कांडीत शिसं असतं. ते गर्भापर्यंत पोहोचतं, बाळाच्या मेंदूला इजा करतं, आणि पाण्याची मर्यादा लिटरला ०.०१ मि.ग्रॅ. इतकी कमी आहे. खात्री नसेल तर ते पातेलं वर्ष-दीड वर्ष फडताळात ठेवा.

३४ फुटांवरचा खड्डा असताना ई. कोलायचा नमुनाही याच आठवड्यात द्या. मशिनचा यूव्ही दिवा वर्षाला बदलतात, तो जळत दिसला तरी.

---

नमुनाबाटली

आणि त्या नमुन्याची निर्जंतुक बाटली मोटरच्या तोंडाशी धरण्याआधी पाइपचं टोक पेटत्या काकड्याने मिनिटभर शेकून घ्या, टोक लोखंडी असेल तरच. प्लॅस्टिकचं असेल तर ब्लीचिंगच्या पाण्याने पुसून दोन मिनिटं पाणी सोडा. नाहीतर पाइपला बसलेल्या चिमणीच्या विष्ठेचा दोष बोअरच्या नावावर लागतो.